आभाळाला नारळी पौर्णिमा नाही

जूनचा दुसरा आठवडा. मढच्या कोळीवाड्यात होड्या वाळूवर ओढून ताडपत्र्यांखाली झाकलेल्या. बोंबलांच्या वलांड्या रिकाम्या. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, त्यामुळे एरवी हाती न लागणारा मामा या दिवसांत ओट्यावर सापडतो. तो जाळं तुणत होता. मी शेजारी वर्तमानपत्र पसरून माझ्या विमानाचा मोडका पंख जोडत होते.

विमान बाल्सा लाकडाचं. पंखांचा विस्तार एक मीटर चाळीस सेंटिमीटर, मोटर आणि बॅटरी धरून वजन सव्वा किलो. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना हा नाद लागला, तो नोकरी-संसारात सुटला नाही. एक पंख कापून, घासून, वरचं आवरण ताणून उभा करायला मला दीड महिना लागतो. मोडायला एक वाऱ्याचा झोत पुरतो.

मामा घरात कोळी बोलीत बोलतो. ती मला लिहिताना जमत नाही, म्हणून त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत उतरवलं आहे.

"कुठे आपटलंस?"

"कर्जतच्या पुढे. भात निघालं की खाचरं रिकामी असतात. शेतकऱ्याला विचारून उडवतो आम्ही."

"बोरिवलीहून कर्जत? आणि इथे समोर एवढी वाळू पडलीय."

"इथे उडवायचं नाही, मामा."

"ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का, ते बघत होतो."

मग मी त्याला जुनी गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्याच एका किनाऱ्यावर सकाळी सहाला मी विमान जोडत होते. माणूस नाही, काणूस नाही. एक हवालदार आले आणि म्हणाले, ड्रोन बंद आहेत. मी म्हटलं, साहेब, हा ड्रोन नाही, विमान आहे, मी घरी बनवलंय, याला कॅमेराच नाही. ते म्हणाले, "उडतं ना?" मी डबा बंद करून घरी गेले.

"मग हवालदाराचं काय चुकलं?" मामाने सुई थांबवली नाही.

"चुकलं नाही. पण त्याच्या हातातल्या कागदात माझ्यासाठी जागाच नव्हती. कायदा खरं तर मला ओळखतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत 'मॉडेल' विमानाची व्याख्या आहे. पंचवीस किलोच्या आतलं, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, शिक्षण, संशोधन किंवा छंदापुरतं वापरलेलं. त्याला प्रकाराचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोच्या आतलं असेल आणि धंद्यासाठी नसेल, तर उडवणाऱ्याला परवानाही लागत नाही. दिल्लीत बसून ज्याने हे लिहिलं त्याला विमान आणि कॅमेरावाला ड्रोन यांतला फरक कळत होता. पण तो फरक दिल्लीहून किनाऱ्यापर्यंत येता येता पुसला जातो."

"कशाने?"

"मुंबई पोलिसांच्या मनाई आदेशाने. त्यात एका ओळीत ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर आणि गरम हवेचे फुगे, सगळे येतात."

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने जाळं बाजूला ठेवलं. मामा जाळं बाजूला ठेवतो तेव्हा बोलणं लांबणार असतं.

"तुला तो कागद अन्याय वाटतो. मला त्या कागदामागची रात्र आठवते. २६ नोव्हेंबर २००८. ते दहा जण आले कुठून? समुद्रातून. कशातून? मच्छीमारांच्या बोटीतून. पोरबंदरची 'कुबेर'. तिचा तांडेल अमरसिंह सोळंकी. त्याला मारूनच ते पुढे आले. ताज, ओबेरॉय, सीएसटी सगळ्यांना आठवतं, त्या तांडेलाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? त्यानंतर प्रत्येक खलाशाला ओळखपत्र आलं, अंगठ्याचे ठसे घेतले, होडीच्या नाळेवर नंबर आला, समुद्रात कुणीही थांबवून कागद मागू लागलं. पिढ्यान्पिढ्या याच पाण्यात जाणाऱ्या आम्हाला, 'तुम्ही कोण?' असं विचारलं गेलं. राग आला होता. पण बाय, ज्याच्या होडीचा नंबर लागलेला असतो त्याची होडी कुणी पळवली तर निदान शोधता येते. तो नियम माझ्या विरोधात नव्हता. तुझ्या विमानाला नंबर आहे?"

"नाही."

"मग वरून काहीतरी चाललंय आणि ते कुणाचं आहे ते खालच्याला कळत नाही. घाबरणार नाही का तो?"

हे मला मान्य करावं लागलं. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटकं टाकली गेली. त्यानंतर 'उडतं ना?' हा प्रश्न कुठल्याही पोलिसाला पडणारच. आणि मढ ही त्या प्रश्नासाठी मुंबईतली बहुधा सगळ्यात अवघड जागा आहे. टोकाला पोर्तुगिजांनी बांधलेला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला किल्ला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. गावातून बाहेर पडायचा रस्ता मार्व्याला नौदलाच्या आयएनएस हमलाजवळून जातो. समोर खाडीपलीकडे वेसावे, आणि हवेतून मोजलं तर जुहूचा विमानतळ पाचेक किलोमीटर. तिथून तेलाच्या विहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरं या समुद्रावरूनच जातात.

"मला रोज दिसतात," मामा म्हणाला. "आम्ही डोल जाळं लावून बसलेले असतो, ती जवळून जातात. आतल्या माणसाचं तोंड दिसत नाही एवढंच. त्यांच्या वाटेत तुझं हे आलं तर?"

"म्हणूनच विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक आहे. त्यापलीकडे, मनाई नसलेल्या भागात, चारशे फुटांपर्यंत. उडवण्याआधी त्या दिवशीचा नकाशा बघायचा. हा नियम मला पटतो, मामा. मढवर मला उडवायचंच नाही. सव्वा किलोचं विमान ताशी चौपन्न किलोमीटरने येऊन कुणाला लागलं तर तो मार साधारण चौथ्या मजल्यावरून पडलेल्या सव्वा किलोच्या कुंडीएवढा असतो. मी हे गणित नव्या पोरांना पहिल्या दिवशी करायला लावते."

"मग तुझं भांडण कशाशी?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. लोक एक तर 'बंदीच हवी' म्हणतात किंवा 'लहान मुलांच्या खेळावर कसली बंदी' म्हणतात. दोन्हींत मी नसते.

मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईत एका पिझ्झावाल्याने लोअर परळहून वरळीला ड्रोनने पिझ्झा पोचवला. देशभर बातमी झाली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर नोटीस काढली, की नियम होईपर्यंत सरकारबाहेरच्या कुठल्याही संस्थेने वा व्यक्तीने कसल्याही कारणासाठी मानवरहित विमान उडवू नये. 'कसल्याही' या शब्दात माझा छंदही बुडाला, आणि तो पिझ्झाच्या कितीतरी आधीचा होता. पहिले नियम लागू व्हायला २०१८ चा डिसेंबर उजाडला. मार्च २०२१ मध्ये दुसरे आले, ते इतके जाचक की पाच महिन्यांत सरकारनेच बदलले. ऑगस्ट २०२१ चे तिसरे नियम मोकळे होते. पंचवीस अर्जांचे पाच झाले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार झाले, दंडाची कमाल मर्यादा एक लाख. जम्मूचा हल्ला होऊन दोन महिने झाले असताना सरकारने नियम सैल केले, याला धैर्य लागतं. ते मी मानते.

"पण त्याच नियमांत संशोधनासाठी सूट कुणाला आहे ऐक. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला. नोंदलेल्या स्टार्टअपला. जीएसटी नंबर असलेल्या उत्पादकाला. त्यांनी आपल्या आवारात, मोकळ्या पट्ट्यात उडवलं तर नोंदणी नको, परवाना नको. मी कॉलेजात होते तोवर त्या यादीत बसले असते. पदवी घेऊन बाहेर पडले आणि यादीतून गेले. विमान तेच, हात तेच. हाताला आता पंधरा वर्षांची सवय जास्त. आणि २०२५ च्या सप्टेंबरात नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा आला, त्यात तर तुरुंगवासाची तरतूद आहे. चूक करणारा आणि घात करणारा एकाच दरवाजातून आत जाणार असं वाटतं."

"तू एकटी आहेस ना," मामा म्हणाला. "एकट्याला कुठलाच कायदा ओळखत नाही. एकट्याची होडी असते, पण डिझेलचा कोटा मच्छीमार सोसायटीतून येतो, बर्फ सोसायटीतून येतो, मंत्रालयात बोलायला सोसायटीच जाते."

मला त्या क्षणी कांदिवलीचे अमोल यादव आठवले आणि मी मामाला त्यांचं सांगितलं. चारकोपच्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, खरंखुरं, माणसं बसतील असं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते ठेवलं होतं. मी बघायला गेले होते आणि माझ्या सव्वा किलोच्या जगात किती तरी दिवस हरवून गेले होते. विमान तयार होतं, नोंदणी होत नव्हती. मुख्यमंत्री आणि पंतप्रधानांपर्यंत विषय गेला, तेव्हा २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी झाली. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. गच्चीवरून आभाळात जायला विमानाला जितकी वर्षं लागली, त्यातली बरीच कागदावर गेली.

"शेवटी उडालं ना?"

"उडालं. पण मुख्यमंत्री सगळ्यांना भेटत नाहीत."

मामी चहा आणि तळलेला सुका जवळा ठेवून गेली. मामाने पंख हातात घेतला. होडीची फळी तपासावी तसा एका डोळ्याने कडेवरून बघितला आणि म्हणाला, टोकाला पीळ आहे. होता. मला दिसला नव्हता.

"मामा, तुझी ही बंदी आहे ना, एकसष्ट दिवसांची," मी म्हटलं, "ती तुला जाचते?"

"जाचते कशाला? मासळी अंड्यावर असते, समुद्र खवळलेला असतो. आमच्या आज्याला कायदा नव्हता तरी तो पावसात जात नव्हता. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा आणि मग होडी लोटायची. सरकारने नंतर तारीख घातली एवढंच."

"तारीख घातली. हेच. तुला १ जूनलाच ठाऊक असतं की ३१ जुलैला बंदी संपणार. तेवढ्यात तू जाळं तुणतोस, इंजिन उघडतोस, रंग मारतोस. बंदी तुझ्या वर्षात बसते. माझी बंदी तीस दिवसांची असते आणि तीस दिवसांनी पुन्हा निघते. ज्या कलमाखाली ती निघते, पूर्वीचं १४४, आता नव्या संहितेचं १६३, ते अचानक आलेल्या धोक्यासाठी आहे. कलमातच लिहिलंय, आदेश दोन महिन्यांपुढे चालणार नाही, फार तर राज्य सरकार सहा महिने वाढवेल. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की अशी बंदी कायमची असू नये. पण आदेश संपतो आणि नवा निघतो. माझ्या आभाळाला नारळी पौर्णिमा नाही रे. कधी उघडणार, कुठे उघडणार, कुणी सांगत नाही."

मामा उठून आत गेला आणि नायलॉनच्या दोऱ्याची रीळ घेऊन आला. माझ्या म्हणण्यावर काही बोलला नाही. पंखाच्या मोडक्या रिबवर गोंद लावून मी चिमट्याने धरत होते, त्याने चिमटा काढला आणि दोऱ्याने असा फेर घेतला की रिब जागेवर बसली आणि लाकडावर वळही उठला नाही.

मी बोलत राहिले. जुहूचं त्याला सांगितलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन त्यांच्या पस मॉथ विमानातून जुहूला उतरले, तेव्हा जुहूचं मैदान चिखलाच्या सपाटीवर होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून पावसात टपालाचं विमान पुण्याला, येरवड्याला हलवत. मामाला हे फार आवडलं.

"म्हणजे विमानांनाही पावसाळी बंदी होती."

"होती. पण त्यांना येरवडा होतं. मला तेवढंच हवंय, मामा. दुसरी जागा. आणि जेआरडींकडेही परवाना होता, १० फेब्रुवारी १९२९ चा, हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला. परवान्याला माझी ना नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून मॉडेल उडवणाऱ्याला नोंदणी करावी लागते, क्रमांक विमानावर चिकटवावा लागतो. अमेरिकेत अडीचशे ग्रॅमच्या वर नोंदणी आहे, छोटी परीक्षा आहे. विमानाने उडताना आपली ओळख रेडिओवरून सांगत राहावी असाही नियम आहे. पण तिथे संस्थांनी मागणी करून ठरलेली मैदानं मिळवली आहेत. त्या मैदानाच्या हद्दीत ओळख सांगणाऱ्या यंत्राशिवाय जुनी, हातची विमानं उडवता येतात. बंदी आणि जागा एकाच कायद्यात आहेत."

"ते त्यांना कसं मिळालं?"

"संघटनांमुळे. ब्रिटनची १९२२ ची, अमेरिकेची १९३६ ची."

"बघ," मामा म्हणाला. एवढंच.

मग त्याने त्याचं दुखणं काढलं, आणि मला वाटतं तिथे आम्ही दोघं पहिल्यांदा एका बाजूला आलो. राज्याचा मासेमारी कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडी दिवे लावून मासे ओढायला २०१७ मध्ये मनाई झाली. तरी रात्री लांब समुद्रात उजेड दिसतो. "जो नाक्यावर उभा असतो त्याला नियम लागतो. जो लांब असतो त्याला लागत नाही. छोट्या होडीवाल्याचा कागद सात वेळा बघतील, कारण तो सापडतो."

"मीही सापडते. सकाळी सहाला, वाळूवर, डबा उघडून. ज्याला खरंच काही वाईट करायचंय तो आदेश वाचून थांबणार नाही."

"थांबणार नाही. पण तुम्ही सगळे घरी बसलात तर आभाळात जे उडेल ते त्याचंच असेल, हे पोलिसाला पटकन कळतं. म्हणून तो सगळ्यांना बसवतो. त्याचंही काम सोपं व्हायला हवं की नाही?" थोडं थांबून तो म्हणाला, "आणि एक सांगतो. २०२५ च्या जानेवारीपासून मत्स्य खात्याने समुद्रावर लक्ष ठेवायला ड्रोन लावलेत. ते एलईडीवाल्याला वरून पकडणार असतील तर मी त्यांना हात जोडीन. उडणाऱ्या गोष्टीशी माझं वैर नाही. ती कुणाची आहे ते कळलं पाहिजे."

पोलिसाचं काम सोपं व्हावं म्हणून हजार निर्दोष माणसांनी घरी बसावं, हे मला पटत नाही, आजही नाही. पण ज्या शहरात हल्लेखोर समुद्रातून आले त्या शहरात हे वाक्य एक कोळी बोलतो, तेव्हा ते झटकूनही टाकता येत नाही. मला एवढंच दिसतं की 'ती कुणाची आहे' हे सांगायला मी एका पायावर तयार आहे आणि ते ऐकून घेणारी खिडकी शहरात नाही. नोंदणीचं संकेतस्थळ आहे. पण रविवारी सकाळी या मैदानात या माणसांची ही विमानं असतील, याची नोंद कुठल्या चौकीत करायची? दरम्यान मोकळे पट्टे आकसत चाललेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झालं. विमानतळ हवाच होता. पण त्याच्याभोवती बारा किलोमीटरची तीच वर्तुळं पडली आणि पनवेलकडची आमची खाचरं त्यांच्या आत गेली. आम्ही कर्जतकडे सरकलो.

यात नुकसान छंदापुरतं नाही. पंखाचा तोल कुठे येतो, वजन पुढे असलं तर काय होतं आणि मागे गेलं तर विमान का मरतं, हे पुस्तकातून कळत नाही. ते दीड महिन्याचं काम सहा सेकंदांत मातीत गेल्यावर कळतं. आमच्याकडे येणाऱ्या दोन पोरांनी पुढे विमान अभियांत्रिकी घेतली. आता नवी पोरं तयार ड्रोन मागतात, कारण बांधायला जागा आहे पण पाडायला नाही.

"किती जण आहात?" मामाने विचारलं.

"कर्जतला येणारे अकरा."

"अकरा पुरे. कागद घे."

"कसला?"

"अर्ज. परवानगीचा नको लिहू. परवानगी मागितली की नाही म्हणायला सोपं. जागेचा लिही. मढ नको, मुंबईच नको. ठाण्याचा, पालघरचा, रायगडचा जिल्हाधिकारी, ज्याच्याकडे पडीक जमीन आहे त्याला. विमानतळापासून अंतर किती, तळापासून किती, ते आधी तूच लिही. दिवस लिही, वेळ लिही. विमानाचं वजन, किती उंच जाणार, पंखावर नंबर टाकणार ते लिही. कुणाला लागलं तर कोण भरून देणार तेही. आणि एकटीची सही नको."

मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरच लिहायला लागले. रविवार, सकाळी सहा ते नऊ. दोन किलोच्या आत. दोनशे फूट. पंखाखाली नाव आणि फोन. विमा.

"वरती नाव कुणाचं टाकू?"

"तुमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याचं."

आमच्यातले सगळ्यात म्हातारे एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी डिझेलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, दोरीला बांधून गोल फिरवायच्या विमानांपासून सुरुवात केली होती. मी तिथूनच त्यांना फोन लावला. मामाने बांधलेला दोरा अजून पंखावर होता, गोंद वाळायला तासभर होता. सगळा अर्ज वाचून दाखवला. ते मध्ये काही बोलले नाहीत. शेवटी एकच विचारलं, "जागा कुठली लिहिलीस?"

मी मामाकडे बघितलं. मामाने जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि म्हणाला, "त्यांना सांग, रविवारी बघायला जाऊ. मीही येतो. ३१ जुलैपर्यंत मोकळाच आहे."